बेटापासून बेटापर्यंत

“ताई, झेला आवरा. बोट डोलतेय, त्याच्या डोक्यात बसेल,” केळुसकर सर म्हणाले.

“माझ्या भावाचं डोकं मला ठाऊक आहे, सर. बसलाच तर झेला मोडेल,” मी म्हटलं आणि बांबू आणखी हातभर पुढे सरकवला.

खाली पाण्यात विश्राम पाठीवर पडून एक हात वर करून थांबला होता. आंबे उतरवायच्या झेल्याच्या जाळीत मी पेजेची बाटली ठेवली होती. त्याने ती काढून घेतली, चार घोटांत संपवली, रिकामी बाटली जाळीत टाकली आणि पालथा होऊन पुन्हा हात मारायला लागला. पहाटे साडेपाचला त्याने आमच्या खारवाडीचा किनारा सोडला होता, आणि आता साडेसात वाजत होते. समुद्रातल्या काळंबे बेटाला वळसा घालून त्याला परत खारवाडीला यायचं होतं. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर.

झेल्याची कल्पना माझी. पोहणाऱ्याला माणसाचा किंवा बोटीचा स्पर्श झाला की पोहणं बाद, हा या खेळाचा नियम. मग खायला द्यायचं कसं? बाजारात तसल्या लांब काठ्या मिळतात म्हणे, पण आमच्या पडवीत बापजाद्यांचा झेला असताना काठी कशाला विकत घ्यायची? केळुसकर सरांनी त्याची लांबी मोजली, जाळी तपासली आणि मान्यता दिली. सर आमच्या हायस्कूलचे निवृत्त पी.टी. शिक्षक. अंगठा रेषेवर पडला म्हणून भर मैदानात स्वतःच्या मुलीची लांब उडी त्यांनी बाद केली होती. पंच म्हणून त्यांच्यापुढे जिल्ह्यात कोणाचं काही चालत नसे.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते, गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करत होते. विश्राम माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून मार देण्यापर्यंत सगळं मीच केलं. पंपदुरुस्तीचं काम शिकून तो आफ्रिकेत गेला, मलावी नावाच्या देशात. एका कंपनीचे पाण्याचे पंप बसवत तीन वर्षं तिथे राहिला आणि परत आला तो डोक्यात शाळा घेऊनच.

तो राहायचा त्या गावाचं नाव चिम्बोना. तिथल्या शाळेचे चार वर्ग आंब्याच्या झाडाखाली बसत. हेडमास्तर म्वाले यांनी आईबापांना गोळा करून घराघरातून विटा मागितल्या आणि भिंती उभ्या केल्या. सिमेंट परवडत नव्हतं, म्हणून विटा चिखलात बसवल्या. छपराला मात्र पैसे नव्हते. एक पावसाळा त्या भिंती गवताने शाकारून कशाबशा वाचवल्या होत्या, दुसराही तसाच काढता येईल, पण तिसऱ्याला त्या टिकणार नाहीत असं विश्राम म्हणाला. तिथला पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. त्या तिसऱ्या पावसाच्या आत पत्रे चढले नाहीत, तर भिंतीही जाणार होत्या.

“आपल्या शाळेचा छप्पर गळता हा, ता दिसाक नाय तुका? खंय ती आफ्रिका!” मी म्हटलं होतं. वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते, तो समोर बसून डिंक पुढे करत होता.

“आपली शाळा गळली तर मी पंचायतीत जावन बोंब मारतंय. थंय म्वाले मास्तरान खंय बोंब मारूची?”

मी म्हटलं, “डिंक नीट लाव.”

मग त्याने मला एका मुलीची गोष्ट सांगितली. मी ती एका कानाने ऐकली.

“एक चेडू होता, तियामिके नावाचा. आठ-नऊ वर्षांचा आसात. डोक्यावर वीट घेवन इला. म्वालेन ती हातात घेतल्यान, दुसऱ्या विटेवर वाजवल्यान. खणखणाक नाय. ‘कच्ची’ म्हणालो आणि परत पाठवल्यान.”

“घर किती लांब तेचा?”

“चार किलोमीटर.”

“एका विटेसाठी? मेल्या मास्तराक काळीज आसा की नाय?”

“मी पण ह्याच विचारलंय. तर म्हणालो, ह्या भिंतीखाली पोरां बसतली.”

“आणि ता चेडू? रडला आसात.”

“नाय. दुपारी दुसरी घेवन इला.”

मी पुढचं पुस्तक ओढलं. खरं सांगायचं तर तेव्हा माझं सगळं लक्ष कव्हरांत होतं.

पैसे उभे करायला त्याने पोहायचं ठरवलं. शाळेत असताना तो सरांच्या हाताखाली जिल्ह्यात पहिला येत असे. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने पुन्हा लंगोट कसला आणि वर्षभर रोज पहाटे खाडीत उतरला. गावोगाव कागद वाटले. त्यावर सरांच्या अक्षरात छापलं होतं: ‘बावीस किलोमीटर, सलग, सूर्यास्ताच्या आत, माणसाचा वा बोटीचा स्पर्श न होता.’ तो पुरं अंतर पोहला तर पैसे देऊ, असं लिहून लोकांनी खाली सह्या केल्या. आंब्याच्या कॅनिंगचा कारखाना असलेल्या नाईकधुरे शेटनी तर सगळ्या पत्र्यांचा भार एकट्याने उचलला, पण अट तीच. पुरं पोहला तर.

तर अशी ती सकाळ. बोटीत आम्ही तिघं. सुकाणूवर बाबी तांडेल, पुढच्या टोकाला नाकाडावर वही घेऊन सर आणि मधे झेला घेऊन मी.

नऊच्या पुढे काळंबे बेट आलं. बेट कसलं, काळा खडक आणि त्यावर शेंदूर फासलेला एक दगड. आमच्याकडचा कुठलाही नाखवा तिथून जाताना मशीन बंद करून हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. बाबीनेही मशीन बंद केलं. नारळ पाण्यात सोडला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. एकदम शांत झालं, खडकावर आपटणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. विश्राम वळसा घालून बोटीच्या अगदी जवळ आला आणि उभ्याने पाय मारत थांबला. त्यानेही खडकाकडे बघून मान लववली.

माझ्या कमरेला आदल्या दिवशीच्या प्रसादाची पुडी होती. ग्रामदेवतेला कौल लावला होता, उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला होता, तेव्हाचा खोबऱ्याचा तुकडा आणि साखर. परीक्षेला जाताना, आफ्रिकेच्या विमानाला जाताना, दरवेळी मी त्याला असाच प्रसाद दिला होता. मी पुडी सोडली, बोटीच्या कडेवरून वाकले आणि खोबरं-साखर त्याच्यापुढे धरली. त्याने डाव्या हातावर उजवा हात ठेवून तळहात पुढे केला. मी प्रसाद त्याच्या तळहातावर ठेवला. तो त्याने कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

झेला माझ्या पायाशी पडला होता. पण प्रसाद काय झेल्यातून देतात? पेज देता येते, केळं देता येतं. प्रसाद हातानेच द्यायचा आणि हातावरच घ्यायचा, हे आम्हा दोघांच्या हाडात इतकं भिनलेलं होतं की दोघांपैकी एकालाही क्षणभर काही वाटलं नाही. त्याचा तळहात गार पडला होता आणि सुरकुतला होता. माझी बोटं त्यावर टेकली होती. ते बोटांना आधी कळलं, मग मला.

विश्राम माझ्याकडे बघत होता. खोबरं चावायचं थांबला होता.

मी मागे वळून पाहिलं. सर आमच्याकडे पाठ करून, घड्याळ डोळ्यांशी धरून वहीत लिहीत होते. “वळसा नऊ वीस,” ते स्वतःशीच म्हणाले.

बाबीने मात्र पाहिलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दोरीची गाठ सोडत खालच्या आवाजात म्हणाला, “बाय, माका कायएक दिसाक नाय.”

मशीन सुरू झालं. विश्रामने तोंड फिरवलं आणि किनाऱ्याच्या दिशेने हात मारायला लागला.

परतीच्या साडेतीन तासांत माझं एकच काम. दर अर्ध्या तासाने झेला खाली सोडायचा, बाटली द्यायची, बाटली घ्यायची. तो माझ्याकडे बघत नव्हता, मीही नाही. मी मनाशी हिशेब मांडत होते आणि सगळा हिशेब माझ्याच बाजूने लागत होता. चार बोटं टेकली, त्यात त्याला कसला आधार मिळाला? देवीचा प्रसाद होता तो. इतक्या पोरांच्या डोक्यावर छप्पर येणार असेल तर मी बोललेच पाहिजे असं थोडंच आहे? आणि त्याला वाटत असेल तर तो बोलेल. नियमाचं मी बोलायचं की त्याने? असले प्रश्न मी स्वतःला फार हुशारीने विचारत होते. खरं कारण एवढंच होतं की मला लाज वाटत होती. वर्षभराची त्याची मेहनत माझ्या चार बोटांनी घालवली, हे मला सरांच्या वहीत लिहून घ्यायचं नव्हतं.

एकदा सर म्हणाले, “ताई, तुमचा चेहरा का उतरलाय? ऊन लागतंय का?”

“हो,” मी म्हटलं.

पाऊण वाजता खारवाडी जवळ आली. किनारा माणसांनी भरला होता. शाळेची मुलं रांगेत उभी होती, ढोल-ताशा वाजत होता आणि पुढे गुडघाभर पाण्यात नाईकधुरे शेट हार घेऊन उभे होते. विश्रामने किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास हातांवर येऊन हात मारायचं थांबवलं. पाय टेकवले नाहीत. पाठीवर तरंगत त्याने बोटीकडे तोंड केलं.

“सर, वळशाची वेळ किती लिवलात?”

“नऊ वीस. का रे?”

“थंयसून मोजा. आधीचा धरू नकात.”

“का? काय झालं?”

“काय नाय, सर. आधीची फेरी कच्ची.”

एवढं बोलून तो वळला. हार, ढोल, मुलं, सगळ्यांकडे पाठ करून पुन्हा समुद्राकडे हात मारायला लागला. ढोल वाजायचा थांबला, ताशा मात्र थोडा वेळ एकटाच वाजत राहिला.

तो ‘कच्ची’ शब्द मी वाचनालयात ऐकला होता. त्याने माझं नावही घेतलं नव्हतं. मला वाचवून, स्वतःला वेडा ठरवून घेऊन तो निघाला होता.

“काय चाललां ह्या?” शेट पाण्यातून ओरडले. “येडो झालो काय तो? बोलवा तेका!”

सरांनी वही मिटली. “ताई,” ते म्हणाले, “वळशाला काय झालं?”

बाबी सुकाणूवरून कुजबुजला, “गप रव गो बाय. तो पोहता हा, पोहू दे.”

मी बोटीत उभी राहिले. बोट डोलत होती, म्हणून झेला काठीसारखा टेकवला.

“माझो हात लागलो!” मी ओरडले.

“काय?” शेटनी कानामागे हात धरला. वारा किनाऱ्याकडून होता, माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

“माझो हात लागलो! बेटाकडे! मी तेका हातान प्रसाद दिलंय!”

ते मला तीन वेळा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं. गर्दीत कोणीतरी हसलं. वाचनालयात रोज येणाऱ्या दोन बायका पहिल्याच रांगेत उभ्या होत्या, त्यांनी नजर खाली घातली. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि तेवढा वेळ माझ्या एकुलत्या एका भावाचं डोकं दूर दूर जात होतं.

शेट माणूस वाईट नव्हते, पण उन्हात तासभर ताटकळले होते. हार त्यांनी कोणाच्या तरी हातात कोंबला. “मगे कागदाप्रमाणा आमचो शब्द संपलो,” ते म्हणाले.

सर बोटीच्या नाकाडावर उभे राहिले. आयुष्यभर मैदानावर ओरडलेला तो आवाज, वाऱ्याची त्याला पर्वा नव्हती. “शेट, कागदावर बावीस किलोमीटर लिहिलंय. कुठून कुठे, ते लिहिलेलं नाही. तो आता बेटावर पोचला, तर बेटापासून बेटापर्यंत सलग बावीस भरतात. सूर्यास्ताच्या आत.”

“आणि पोचलो नाय तर?”

“तर बाद. मीच बाद करीन.”

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता उतरा म्हणतील. म्हणाले असते तर मी उतरले असते.

“येताय?” त्यांनी विचारलं.

“येते.”

“मग दोन्ही हात झेल्यावर ठेवा.”

त्या अकरा किलोमीटरांबद्दल काय सांगू? भरती समोरून होती, ओहोटी लागायला चार वाजणार होते. सकाळी जे अंतर तो पावणेचार तासांत गेला होता, त्यातलं निम्मं कापायला तीन तास गेले. चारच्या सुमाराला त्याचा उजवा खांदा गेला. हात पाण्याबाहेर यायचा, पण अर्ध्यावरूनच खाली पडायचा. मग तो कुशीवर होऊन एका हाताने पोहायला लागला. ओठ निळे पडले होते. पेज दिली की उलटून टाकत होता.

“सर, बास करा. मरात तो,” बाबी म्हणाला.

सरांनी विचारलं, “विश्राम, थांबवू?”

त्याने नुसती मान हलवली. नाही.

मला ओरडावंसं वाटलं, की तुझ्या छपराला आग लागो, तू वर ये. तोंडाशी आलं होतं. एका हाताने पोहणारा तो माणूस मला तेव्हा सहा वर्षांचा दिसत होता. पण सकाळी मी जिथे बोलायचं तिथे बोलले नव्हते, आता मला बोलायचा हक्क उरला नव्हता. मी झेला खाली सोडला. जाळीत गुळाचा खडा होता.

त्याने तो उचलला, तोंडात धरला आणि दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“ता चेडू दोनदा चालला गो, ताई,” तो म्हणाला. आवाज जेमतेम येत होता. “पायांत कायएक नव्हता तेच्या.”

मग तोंड फिरवून पुन्हा डावा हात मारायला लागला.

पत्र्यांचं काय झालं हे लोक मला अजून विचारतात, म्हणून सांगते. शेटनी शब्द पाळला, बाकीच्यांनीही पाळला, आणि ऑक्टोबरात चिम्बोनाच्या भिंतींवर पत्रे चढले. म्वाले मास्तरांनी फोटो पाठवला, तो वाचनालयात लावलेला आहे. पुढच्या वर्षी आपल्या शाळेच्या छपरासाठी गावाने पोहण्याची शर्यत ठेवली, तीही चांगली झाली. विश्राम त्यात नव्हता. त्याचा खांदा पुन्हा कधी नीट वर गेला नाही. आता केस विंचरायलाही तो डावाच हात वापरतो. त्याबद्दल त्याने मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही, आणि मी मात्र तो कंगवा उचलताना दिसला की दुसरीकडे बघते.

पण मला सांगायची आहे ती सहा वाजून एकोणीस मिनिटांची गोष्ट. सूर्य पाण्यापासून दोन बोटं वर होता. काळंबे बेटावर ना ढोल होता, ना हार, ना मुलं. बाबीने मशीन बंद केलं. विश्राम लाटेबरोबर खडकावर आपटला, घसरला, पुन्हा आपटला, आणि डाव्या हाताची बोटं त्याने त्या काळ्या दगडाच्या भेगेत रुतवली.

सरांनी घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं आणि शिट्टी तोंडाशी नेली. ती वाजली नाही, त्यांना फुंकरच घालता येईना. शिट्टी खाली करून त्यांनी चष्मा काढला.

“ताई,” ते म्हणाले, “आता द्या हात.”

झेल्याभोवती आवळलेली माझी बोटं आधी सुटेचनात. मग बाबीने बोट खडकाला लावली, मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पुढे केले. विश्रामने उजवा उचलायला बघितला, तो उचलेचना. मग डावा दिला. मी आणि बाबीने त्याला आत ओढून घेतलं. तो माझ्या मांडीवर डोकं टाकून पडला, दात कडकडा वाजत होते, आणि मी माझं लुगडं काढून त्याला गुंडाळता येत नाही म्हणून रडत होते. सरांनी आपली शाल आमच्यावर टाकली.

किती वेळाने कोण जाणे, त्याने डोळे उघडले.

“प्रसाद रवलो हा काय गो?” त्याने विचारलं.

मी कमरेची पुडी सोडली. खोबरं संपलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात साखर ओली होऊन चिकटली होती. ती मी बोटाने खरवडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.